मुलीला सायबर सिक्युरिटीच करायचीय: इथली बीएस्सी कॉम्प्युटर की बाहेरची बीटेक?

केरीचा मास्तर

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यात केरीला राहतो, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. कॉम्प्युटरशी माझा संबंध शाळेची माहिती ऑनलाइन भरण्यापुरता, तोही रेंज मिळाली तर. तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणितात ७४, फिजिक्समध्ये ५९. जेईईचे गुण सांगण्यासारखे नाहीत. तिने हट्ट धरलाय, सायबर सिक्युरिटीच करणार. हे खूळ कुठून आलं ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

मार्चमध्ये माझ्या बहिणीला व्हॉट्सॲपवर गाडीचं चलन आल्याचा मेसेज आला. ती डिचोलीला असते. स्कूटर आहे, डोक्यावर हेल्मेट कधी असतं कधी नसतं, त्यामुळे तिला ते खरंच वाटलं. खाली एक फाईल होती ती दाबली, कसलं तरी ॲप बसलं. दोन तासांत खात्यातून ३८ हजार गेले. ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता, हे ती आजही देवाची शपथ घेऊन सांगते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोही दुसऱ्या दिवशी, कारण तो नंबर घरात कोणाला ठाऊकच नव्हता.

आम्ही सगळे हळहळत बसलो. मुलीने मात्र ती फाईल आत्याकडून मागून घेतली, आमच्या जुन्या लॅपटॉपवर टाकली, नावाच्या शेवटचं एपीके खोडून झिप केलं आणि उघडली. आत बऱ्याच फायली निघाल्या. त्यांतली एक तिने नोटपॅडमध्ये उघडून मला दाखवली. सगळी गिचमीड, चौकोन, भलतीसलती चिन्हं. मधेमधे इंग्रजी अक्षरं होती, पण सुटी सुटी, प्रत्येकाच्या पुढे मोकळी जागा: आर, ई, ए, डी, मग एस, एम, एस. ती म्हणाली, "बाबा, हे ॲप मेसेज वाचतं. आत्याने ओटीपी सांगायची त्यांना गरजच नव्हती." सुटी अक्षरं जोडून वाचायला मी पहिलीच्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मला शिकवणी मिळाली.

आता पर्याय. एक म्हणजे गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. फी परवडते, घरून ये-जा होते. दुसरा, गोव्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाची बीटेक, नावातच सायबर सिक्युरिटी. त्यांचा माणूस पणजीच्या हॉटेलात शैक्षणिक मेळाव्यात भेटला होता. चार वर्षांचे मिळून साडेअकरा लाख, होस्टेल वेगळं. रोज फोन येतो. काल म्हणाला, सीट शनिवारपर्यंतच धरून ठेवतो.

कर्ज काढायची माझी तयारी आहे. काजूची बाग विकायची नाही. विचारायचं एवढंच: पदवीच्या नावात सायबर सिक्युरिटी नसेल तर पोरीला पुढचं दार बंद होतं का?

पॅकेज पात्रांव

बीटेक ती बीटेक. बीएस्सीवाल्याला कंपनी दारात उभी करत नाही. एवढं शिकवून शेवटी कॉल सेंटरला पाठवायचीय का मास्तर? आत्ताच खर्च करा, नंतर रडू नका.

सेम चार

पात्रांव, सकाळी सकाळी कोणाचं रक्त आटवता?

मास्तर, मी सध्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हापशाहून जातो. आतून कसं दिसतं ते सांगतो. नवीन शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून आपल्याकडे लागू झालं, त्यामुळे पदवी आता चार वर्षांपर्यंत जाते. १२० क्रेडिट झाले की तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. १६० केले की ऑनर्स. एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, पण त्या सर्टिफिकेटवर कोण काय देतो ते देवच जाणे.

क्रेडिटचं गणित समजून घ्या, कारण ते माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास. प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. दोन कोर्सांची नावं सारखी असली तरी एकात लॅबला दोन क्रेडिट असतील आणि दुसऱ्यात शून्य. मी प्रवेश घेताना हे बघितलं नाही, मित्र होता म्हणून गेलो. नशीब म्हणून लॅब चांगली निघाली. तसे आमच्याकडेही अर्धे पीसी उन्हाळ्यात तापून बंद पडतात, ते सोडा.

मेजर म्हणजे मुख्य विषय, त्याच्याबरोबर मायनर, म्हणजे जोडविषय, घ्यावा लागतो. कॉलेज देत असेल तर गणित घ्या म्हणावं. सगळे सोपं म्हणून दुसरंच काहीतरी घेतात आणि मग एमसीएच्या (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) वेळी बोंबलतात. बीसीए विचारात असेल तर एक लक्षात ठेवा, २०२४-२५ पासून तो एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आला, म्हणजे कॉलेजला त्यांची मान्यता हवी. ती आहे का ते स्वतः बघा.

आणि तो शनिवार खोटा आहे. माझ्या चुलतभावाला असेच सात शनिवार सांगितले होते.

रात्रपाळी

मी फोंड्याची. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, मग ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमसीए, आणि आता सात वर्षं सिक्युरिटीत. कंपनी पुण्याची, काम घरून, पाळी रात्रीची. आता पहाटेचे साडेचार झालेत, पाववाल्याचा भोंपू ऐकला की माझी पाळी संपते. तोवर सविस्तर लिहिते.

मास्तर, आधी त्या सुट्या अक्षरांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

अक्षरांमध्ये दिसली ती मोकळी जागा नव्हे. तिथे शून्य आहे. त्या फाईलीत प्रत्येक अक्षराला दोन बाइट (साठवणुकीचे कप्पे) दिलेले असतात. इंग्रजी अक्षराचं काम एका बाइटात भागतं, म्हणून दुसरा शून्य राहतो. नोटपॅडला हे कोणी सांगितलेलं नसतं, तो एकेक बाइट सुटा वाचतो आणि शून्याच्या जागी रिकामं दाखवतो. ह्या पद्धतीला यूटीएफ-१६ म्हणतात. आपला 'क' असता तर अशी पोकळी दिसली नसती, कारण त्याचा क्रमांक ०९१५, तोही दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीतला, म्हणजे दोन्ही बाइट भरलेले. मुलीला सांगा, नोटपॅडमध्ये स्वतःचं नाव देवनागरीत लिहून ती फाईल दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी साठव आणि दर वेळी किती बाइटची होते ते बघ. संध्याकाळ मजेत जाईल.

आता बघा. तीच फाईल स्वच्छ उलगडून दाखवणारी तयार हत्यारं फुकट मिळतात. एपीकेटूल, जॅडएक्स. एक कमांड मारली की सगळ्या परवानग्या ओळीने समोर. सायबर नाव लावलेल्या पुष्कळ कोर्सांत ही कमांड शिकवतात, परीक्षेला तीच विचारतात. अक्षरं सुटी का दिसली हे मात्र कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाचं काम. तुमच्या मुलीने हत्यार नसताना वाचलं. मला विचाराल तर तिने आधी हे 'का' शिकावं. हत्यारं तिला कोणीही आठवड्यात शिकवील. आणि हत्यारं बदलत राहतात. मी वापरते त्यातलं वायरशार्क, नेटवर्कवरची ये-जा बघायचं हत्यार, २००६ पर्यंत इथेरियल नावाने चालायचं. मेटास्प्लॉइट, यंत्रातली भोकं वापरून बघायचं हत्यार, आधी पर्ल भाषेत होतं, मग सगळं रूबीत नव्याने लिहिलं. टीसीपी, म्हणजे दोन यंत्रांनी नेटवर एकमेकांशी बोलायचे नियम, त्यांचा प्रमाण ठरलेला दस्तऐवज मात्र १९८१चा, आणि मी आज रात्री जे पॅकेट उघडून बसले होते त्यात तेच तीन टप्प्यांचं हस्तांदोलन होतं.

मी मुलाखती घेते. गेल्या वर्षी एक मुलगा आला, हसतमुख, सहा सर्टिफिकेटं. वेबसाईटमधली भोकं शोधायची हत्यारं तोंडपाठ. मी विचारलं, पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि २४ लिहिलेलं असतं त्या नेटवर्कात किती पत्ते मावतात? गप्प. (२५६. आठ बिट उरतात, दोनाचा आठवा घात.) त्याला घेतलं नाही, आणि वाईट वाटलं, कारण कोणीतरी त्याच्या बापाकडून त्या सहा कागदांचे पैसे घेतले होते. त्याच दिवशी एक मुलगी आली, बीएस्सीवाली, एकही सर्टिफिकेट नाही. तिला उत्तर येत नव्हतं पण बोटं मोजत मोजत तिने तिथेच काढलं. ती आता माझ्या शेजारच्या पाळीत आहे. पात्रांव, आमच्या दारात ती उभी राहिली हो. पण तुमचंही एक खरं आहे: काही मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी बीई-बीटेक बघूनच होते. त्या चाळणीतून बीएस्सीला जायचं तर वर एमसीए लागतो. म्हणजे बीएस्सी तीन अधिक एमसीए दोन, पाच वर्षं धरून चाला.

कामाबद्दल तिच्या डोक्यात काही सिनेमा असेल तर तो आत्ताच उतरवा. मी रात्री आठ तास सूचनांच्या यादीकडे बघते. हिशेब खात्यातला माणूस वीस मिनिटांत दोन देशांतून लॉगिन झाला. चोरी की व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखं दाखवणारं साधन? बहुतेक वेळा व्हीपीएन. दहातल्या नऊ सूचना अशाच फुसक्या, आणि दहावी ओळखायची म्हणून पगार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्या सहा तासांत काय झालं, कशावरून कळलं, काय बंद केलं हे स्वच्छ लिहावं लागतं. लिहिता न येणारे हुशार लोक इथे मार खातात. मास्तर, ही तुमच्याकडची विद्या आहे. मी मराठी प्राथमिक शाळेतलीच, सुरुवातीला इंग्रजी अहवाल लिहिताना घाम फुटायचा. आधी मराठीत मनात वाक्य लावायचं, कोणी काय केलं ते, आणि मग इंग्रजीत उतरवायचं. अजून तेच करते.

गणिताचं भय घालू नका. माहिती कुलूपबंद करायच्या विद्येतलं मुख्य गणित तुमच्या चौथीच्या भागाकारातलं आहे: बाकी. ५ चा सहावा घात १५,६२५. त्याला २३ ने भागा, बाकी ८. हे तुमचा विद्यार्थीही करील. आता उलट विचारा: ५ चा कितवा घात घेतला तर २३ ने भागून बाकी ८ येते? एकेक करून बघत बसावं लागतं. २३ च्या जागी ६१७ अंकी संख्या ठेवली की एकेक करून बघायला आयुष्य पुरत नाही. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी हीच अडचण कुलूप म्हणून वापरली. ७४ गुणवालीला हे जड नाही.

एक धोक्याची गोष्ट मात्र सांगते, माझीच. तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या नेटवर्कवर मी एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं आणि त्यांची उघडी दारं शोधायचं हत्यार, चालवलं. उत्साह. एनमॅप मुळात शहाणं असतं. कोणत्या पोर्टवर (दारावर) कुठली सेवा चालते ते ओळखताना ९१०० ते ९१०७ ही पोर्टं वगळतं, कारण तिथे प्रिंटर ऐकत असतात आणि काही प्रिंटर येईल ते छापत सुटतात. मी अतिशहाणी, सगळी पोर्टं बघ असा पर्याय टाकला. वर ऑफिसात परीक्षेचे अर्ज छापायचे चालले होते. प्रिंटरने कागदामागून कागद गिचमीड ओकायला सुरुवात केली. हेडक्लार्कबाईंनी आधी प्लग काढला, मग त्याच्यावर हळदीकुंकू टाकायचं बाकी ठेवलं. मला विभागप्रमुखांनी बोलावलं आणि आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ मोठ्याने वाचायला लावलं. परवानगी नसताना दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं, आणि ते लबाडीने केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी लबाडीने केलं नव्हतं म्हणून वाचून सुटले. तुमची मुलगी आज ना उद्या हे करणारच, तिच्यात तो किडा दिसतोय. तिला परवानगी असलेल्या जागा द्या. ओव्हर द वायर नावाच्या साईटवर बँडिट म्हणून खेळ आहे, फुकट, कमांड टाईप करायच्या काळ्या पडद्यावर (टर्मिनल) खेळायचा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच एक फाईल येते जिचं नाव नुसती आडवी रेघ आहे. ती उघडायला गेलं की काळा पडदा शांत बसून राहतो. का, ते मी सांगणार नाही. प्रवेशाची मुदत संपेपर्यंत तिला दहा पायऱ्या चढू द्या आणि मग साडेअकरा लाखांचं बोला.

भोंपू वाजला. झोपते.

हॅशवाला

रात्रपाळीबाईंचं ऐंशी टक्के पटलं. वीस टक्क्यांसाठी लिहितो.

सायबर म्हटलं की सगळे नेटवर्क राखणं किंवा फोडणं एवढंच धरतात. तिसरी वाट आहे, डिजिटल फॉरेन्सिकची, आणि मास्तर, तुमच्या मुलीने आत्याच्या फाईलीचं जे केलं ते त्या वाटेवरचं. ही कला सर्वसाधारण कॉम्प्युटर सायन्समध्ये फारशी शिकवत नाहीत. त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं, आणि ते हत्यार चालवण्याएवढं उथळ नसतं. नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी ही २०२० च्या कायद्याने झालेली केंद्रीय संस्था, गांधीनगरची. तिचा गोवा कॅम्पस फोंड्याजवळ कुर्टीला सुरू झाला आणि धारबांदोड्यातल्या कायमच्या कॅम्पसची पायाभरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. तिथले कोर्स, पात्रता, फी त्यांच्या साईटवरून थेट बघा, एजंटाकडून नको. केरीहून फोंडा काही परदेश नाही.

माझं काम वकिलांसाठी आणि कंपन्यांसाठी मोबाइल-हार्डडिस्कची प्रत काढून देण्याचं. त्यातली पहिली शिस्त ही की मूळ वस्तूवर काही लिहायचं नाही. मधे राइट ब्लॉकर (लिहिणं अडवणारं उपकरण) लावायचा, बिटाला बिट प्रत घ्यायची आणि दोन्हींची हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून हिशेबाने काढलेला ठसा, जुळवायची. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ६४ अक्षरांची ओळ येते. चित्रपटाएवढी फाईल असो की एक ओळ, येतात ६४ च. आणि आतला एक बिट बदलला तर सगळी ओळ बदलते. हे आता नुसतं कारागिराचं कौतुक राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायची जागा आहे. पूर्वी जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या कागदावरून कोर्टात तासन्‌तास घासाघीस चालायची, ती मी बघितली आहे.

मुलीला एक कोडं द्या. तिने एपीकेचं झिप केलं तेव्हा हॅश बदलली का? करून बघू दे. (नाव फाईलीच्या आत नसतं. पुढचं तिचं तिने.) आणि आत्याला सांगा, मोबाइलवरची ती मूळ फाईल आणि तो मेसेज अजून असेल तर पुसू नका. तुमच्या लॅपटॉपवरची ती शेवटी प्रतच.

नावात सायबर असलेली प्रत्येक बीटेक फसवी, असं मात्र मी म्हणणार नाही. लॅब बघायला जा. तिथे मुलांना फोडायला वेगळं बंद नेटवर्क आहे का, की सगळे प्रोजेक्टरवर सरांचं बघतात? ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कचे पेपर पूर्ण आहेत का, की दोन्ही मिळून एक? शिकवणाऱ्यांपैकी कायमस्वरूपी किती? ह्यांची उत्तरं फोनवर शनिवारी मिळत नाहीत.

पॅकेज पात्रांव

ओके ओके. मी आपलं माझं सांगितलं. मला बीटेक करूनही दोन वर्षं घरी बसावं लागलं होतं, ते नाही सांगितलं.

सेम चार

आता कळलं पात्रांव इतके कडू का.

केरीचा मास्तर

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, चोर्ल्याकडून जोराचा पाऊस, लाईट येते-जाते, रेंज अंजुण्याच्या धरणाकडे गेलं तरच.

शुक्रवारी त्या विद्यापीठाच्या माणसाचा फोन आला. मी तुमच्या प्रश्नांचा कागद समोर ठेवून विचारलं: लॅबला किती क्रेडिट, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळा पेपर का, शिक्षक कायमचे किती. तो म्हणाला, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, शिक्षकालाही शिकवणारे असतात. मग त्याने फीमध्ये चाळीस हजार सूट दिली. प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत. शनिवार गेला. सोमवारी पुन्हा फोन, सीट अजून आहे म्हणे.

आडव्या रेघेच्या फाईलीने घरात दोन दिवस घेतले. काळा पडदा शांत, पोरगी शांत. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला असेल. ती म्हणाली, बिघडला नाही, तो माझी वाट बघतोय, मी टाईप करीन म्हणून. कुठून कळलं विचारलं तर म्हणे, सहज एक शब्द टाईप करून एंटर मारला तर त्याने तोच शब्द परत लिहिला. त्यानंतर अर्ध्या तासात सुटलं. मला अजूनही पूर्ण कळलेलं नाही, पण मुलाने चुकीचं उत्तर देताना नेमकी चूक कुठे केली ते सापडलं की वर्गात जो आनंद होतो, तो चेहऱ्यावर ओळखता आला. आता ती बाराव्या पायरीवर अडकली आहे. फाईल उघडली की आत दुसरी बांधलेली फाईल, ती उघडली की तिसरी. आजीने विचारलं, पातोळ्यांसारखं का गं? म्हटलं, पातोळीत शेवटी गूळ-खोबरं तरी लागतं.

हॅशवाले, तुमचं कोडं तिने सोडवलं. बदलली नाही. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं तिने मला मोठ्याने वाचायला लावून ताडून बघितली. आत्याच्या मोबाइलवरचा मेसेज अजून आहे, तो ठेवायला सांगितलाय.

ठरलंय असं: इथे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला अर्ज भरला. मायनरला गणित आहे, मी स्वतः कॉलेजात जाऊन विचारून आलो. लॅब बघू का म्हटलं तर शिपायाने आधी संशयाने बघितलं, मग उघडून दिली. पावसामुळे कुबट वास, पण यंत्रं चालू होती आणि दोन मुलं सुट्टीतही बसली होती. पुढच्या आठवड्यात कुर्टीला जाऊन येतो, चौकशीला पैसे पडत नाहीत. तिथलं जमलं तर जमलं. बिनव्याजी कर्जासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचा अर्जही आणून ठेवलाय, लागला तर.

आता लॅपटॉपचं सांगा. घरातला जुना ४ जीबीचा आहे, बँडिट त्यावर चालतं. वाळपईला एका ओळखीच्याकडे सेकंडहँड मिळतोय, ८ जीबी, २२ हजार मागतो. घेऊ का?

रात्रपाळी

आता दोन वर्षं ८ जीबी पुरेल, पण घेण्याआधी तळाचं झाकण उघडून बघायला सांगा. रॅमची जागा मोकळी असेल किंवा पट्टी बदलता येत असेल तरच घ्या. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, मग पुढे वाढवता येत नाही. तिसऱ्या वर्षी तिला एकाच लॅपटॉपच्या आत दोन-तीन यंत्रं चालवावी लागतील, एक हल्ला करणारं आणि एक मार खाणारं, तेव्हा १६ लागतात. हार्डडिस्क फिरती असेल तर सोडून द्या, एसएसडीच बघा. आणि २२ हजार जास्त आहेत, १८ म्हणा.

बाराव्या पायरीसाठी तिला एवढंच सांगा: फाईलीचं नाव काय आहे ते बघू नकोस, तिचे पहिले काही बाइट बघ.

केरीचा मास्तर

साडेअठराला मिळाला. जागा मोकळी आहे, तिनेच स्क्रू काढून बघितलं. दुकानदार म्हणाला, वॉरंटी जाईल. ती म्हणाली, सेकंडहँडला वॉरंटी होती कुठे?